एकवीस जोड्या आणि जानकाबाई

नारायणगावच्या एसटी स्टँडमागे, खतांच्या दुकानाच्या डोक्यावर, कुंडलिक सरांचा टायपिंगचा क्लास होता. खाली युरियाचा वास, वर चौदा मशिनींचा खडखडाट. जानकाबाई तिथं अठ्ठ्याऐंशी साली केर काढायला लागल्या. शिक्षण सातवी पास. बाप पिंपरी पेंढारचा. छप्पन्न साली तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला आणि आल्याबरोबर त्यानं घरात एक नियम केला: ज्या दिवशी शाळा बुडेल, त्या दिवशी भाकरी बुडेल. जानकाबाईंना शाळेपेक्षा भाकरी जास्त आवडायची, त्यामुळे सातवीपर्यंत शाळेचा एक दिवस चुकला नाही. पुढं भागुजीशी लग्न झालं. भागुजी डेपोत टायर बदलायचा आणि दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा. घरातले उरलेले सगळे शब्द जानकाबाईंच्या वाट्याला आले होते, आणि त्या काही साठवून ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या.

केर काढता काढता त्या टायपिंग शिकल्या. दुपारी एक ते तीन क्लास बंद असायचा, सर घरी झोपायला जायचे आणि मशिनी रिकाम्या असायच्या. टायपिंगच्या परीक्षेत रकान्यांचा एक तक्ता यायचा. भल्याभल्यांची तिथं दांडी गुल व्हायची. कागदावर किती घरं सोडायची, कुठं थांबायचं, हे आधी मोजून ठेवावं लागायचं. पोरं मोजायची नाहीत, मग शेवटचा रकाना कागदाबाहेर रोलरवर छापायची. जानकाबाई झाडू टेकवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आरं, जेवायला किती बसणारेत ते बघून पत्रावळ्या मांडाव्या." चारपाच वर्षांत अशी वेळ आली, की सर नुसती हजेरी घ्यायचे आणि तक्ता जानकाबाई शिकवायच्या. पगार झाडण्याचाच होता.

सत्त्याण्णव साली सरांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी आतल्या खोलीला गालिचा घातला, खिडकीला जाड पडदा लावला, कॉम्प्युटरला झालर लावलेलं झबलं शिवलं. चपला बाहेर. सरांनी नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं, आणि मग चार महिने त्याला कुणी हात लावला नाही. आत जायची परवानगी दोघांनाच होती, मालक म्हणून सरांना आणि झाडायला जानकाबाईंना.

"धूळ बसू देऊ नका," सर म्हणाले. "धुळीनं व्हायरस होतो."

"मंग फिनेलनं पुसू का?"

ते सरांनाही नक्की माहीत नव्हतं.

एकदा सरांनी मोठ्या हिमतीनं क्लासातल्या पोरांची यादी एक्सेलमध्ये केली. नावं झाली, गावं झाली, जन्मतारखा टाकल्या आणि बघतात तर काय, तारखांच्या जागी नुसत्या #### अशा जाळ्या. एकाखाली एक, चाळीस जाळ्या. त्यांनी पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, गुरुवारी येतो, तोवर बंद ठेवा. जानकाबाई गालिचा झटकत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"सर, तारीख गेली न्हाई. घर अरुंद हाय. पाव्हणा दारात अडकलाय."

"तुम्ही हात लावू नका, जानकाबाई."

त्यांनी लावला. वरच्या पट्टीत दोन रकान्यांच्या मधली रेघ धरली आणि उजवीकडं ओढली. चाळीसच्या चाळीस पोरं एका झटक्यात जन्माला आली. सरांनी मेकॅनिकला नको म्हणून कळवलं आणि त्या दिवसापासून जानकाबाई खुर्चीवर बसू लागल्या. चप्पल मात्र बाहेरच.

रो कुठली आणि कॉलम कुठला, हे सरांना शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. ते दर खेपेला हवेत बोट फिरवायचे आणि मग विचारायचे. जानकाबाई म्हणायच्या, "सर, तुमच्या स्लॅबच्या घराला कॉलम हायेत न्हवं? ते उभे हायेत का आडवे? आडवे असते तर तुमी घरात असता का?" क्लासातली पोरं याच वाक्यावर कॉलम शिकली. काही पोरांनी म्हणे पुढं इंटरव्ह्यूमध्येही तेच सांगितलं.

हळूहळू तालुक्यात कॉम्प्युटर वाढले आणि त्यांना झालेले आजारही. क्लासातला फोन खणखणायचा. ओतूरच्या एका शाळेतला क्लार्क रडकुंडीला आलेला: सगळी शीट कोरी झाली, दोनशे पोरं गायब! जानकाबाईंनी विचारलं, "डाव्या अंगाला आकडा कोणता दिसतोय?" तो म्हणाला, पासष्ट हजार पाचशे छत्तीस, म्हणजे शीटची अगदी शेवटची ओळ. "मंग काय, तुमी गावाची वेस वलांडून पार डोंगरावर चढलाय राव. पोरं खाली गावातच हायेत. कंट्रोल धरून होमचं बटण दाबा आन घरी या." तो घरी आला. घोडेगावच्या एका पतपेढीतला हिशेबनीस म्हणाला, माझा 'क' रकाना चोरीला गेला. "वर वाचा. ख च्या आधी काय हाय? ब? मंग चोरी न्हाई, तुमीच दडवलाय. दोन्ही शेजाऱ्यांना धरा आन त्येला बाहीर काढा." त्या इंग्रजी अक्षरांना मराठीच नावं द्यायच्या. ए, बी, सी म्हणजे अ, ब, क. हिशेबनिसाचा डी म्हणूनच ख. ड का नाही, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

अशी पाचसहा वर्षं गेली. आता खरी गोष्ट.

दोन हजार चार साली जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांतल्या पंचवीस गावांनी मिळून सामुदायिक विवाहाची समिती काढली. मंचरजवळच्या एका मैदानावर, मे महिन्यात, एकवीस जोड्या एका मांडवात. समितीचे सेक्रेटरी भिमाजी. भिमाजींना जन्मजात सेक्रेटरी म्हणायला हरकत नाही. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालू. ते आले, फॉर्मांचा गठ्ठा जानकाबाईंसमोर टाकला आणि म्हणाले, "बाई, लई नीटनेटकी यादी पायजे. वर, वराचं गाव, वधू, वधूचं गाव."

जानकाबाईंनी यादी केली. क्लासातली वृषाली म्हणून एक पोरगी वाचून दाखवायला बसली होती. खोडदची, वीस वर्षांची, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेची तयारी करणारी. अकराव्या फॉर्मला ती जरा थांबली आणि म्हणाली, "मावशी, हा माझाच आहे." मग बाकीच्यांसारखाच तोही वाचला. वर: नवनाथ, कळंब. जानकाबाईंनी टाइप केला. यादी तपासली, ठेवून दिली आणि धाकट्या बहिणीची सून बाळंत झाली होती म्हणून तीन दिवस पिंपरी पेंढारला गेल्या.

त्या तीन दिवसांत भिमाजी पुन्हा क्लासात आले. एका नवरदेवाच्या बापानं तक्रार केली होती, की आमचा मुलगा सतरावा का? भिमाजींनी तोड काढली: सगळे नवरदेव बाराखडीप्रमाणे लावायचे, म्हणजे भांडायचं असेल तर बारशालाच भांडा. जानकाबाई नाहीत म्हटल्यावर कुंडलिक सर पुढं सरसावले. मालक तेच होते ना. त्यांनी वरांचा रकाना डोक्यापासून पायापर्यंत निवडून काळा केला आणि चढत्या क्रमाचं बटण दाबलं. समोर इंग्रजीत एक इशारा आला. बाजूचे रकाने पण सोबत घ्यायचे, की आहे तेवढंच हलवायचं? सरांनी दोन्ही पर्याय पाहिले. खालच्यात 'कन्टिन्यू' हा शब्द ओळखीचा होता.

नवरदेव हलले. गावं, नवऱ्या, नवऱ्यांची गावं, सगळं जागच्या जागी. मराठी फॉन्टमुळं क्रमही काही बाराखडीचा लागला नाही, कुठलाच लागला नाही. भिमाजी मात्र खूश झाले. "आता कुणाला कळणारच न्हाई, हा कसला नंबर हाय ते," ते म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी सीडी छापखान्यात दिली, तीन हजार पत्रिका छापून घेतल्या, दोन हजार वाटल्या आणि पहिली पत्रिका देवाला ठेवायला फॉर्मांच्या पिशवीसकट भीमाशंकरला रवाना झाले.

जानकाबाई परत आल्या त्या सकाळी क्लासाच्या जिन्यावर बोरी बुद्रुकचा सोपान बसला होता. हातात पत्रिका, डोळे लाल. त्याच्या घरातली दोन लग्नं ह्याच मांडवात होती. थोरला पोपट आणि धाकटी लंका, एकाच खर्चात आणि एकाच दिवशी.

"बाई," सोपान म्हणाला, "हे वाचा."

जानकाबाईंनी चष्मा लावला. जोडी नववी. चि. पोपट सोपान. चि. सौ. कां. लंका सोपान.

त्या खालच्या पायरीवर बसल्या.

"भावाला बहिनीच्या गळ्यात बांधलं, बाई! आख्ख्या बोरीत पत्रिका गेली. माजी आई सकाळपासून देवघरातून भाईर आली न्हाई. आन पोपट! त्यो गाढव हसतोय!"

"लंका काय म्हनती?"

"ती म्हनती, नवऱ्यापेक्षा ह्यो भाऊ म्हनूनच बरा हाय."

जानकाबाईंना हसू आलं होतं, पण सोपानच्या तोंडाकडं बघून त्यांनी ते गिळलं. वर जाऊन फाईल उघडली. सर दारात उभे होते आणि पडद्याची घडी नीट करत होते. दोनदा केली, तिसऱ्यांदा केली.

"सर, रकाना एकटाच हलवलात?"

"नाही म्हणजे, मशीननंच विचारलं होतं."

"मशीननं ईचारलं व्हतं, आन तुमी न वाचता हो म्हनलात." जानकाबाई स्क्रीनकडंच बघत होत्या. "म्हशीची नुसती शेपटी धरून तिला दुसऱ्या गोठ्यात नेलीत, सर. म्हस हितंच हाय, शेपटी तिकडं."

परत फिरवायचं बटण उपयोगाचं नव्हतं. फाईल सेव्ह होऊन बंद झाली होती. फॉर्म भीमाशंकरला. भिमाजींकडं मोबाईल होता, पण डोंगरात रेंज नव्हती. लग्न पाच दिवसांवर. लोडशेडिंग अकराला, आता वाजले होते सव्वानऊ.

जानकाबाई एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. नवरदेवांची नावं हलली होती, पण त्यांची गावं हलली नव्हती. 'पोपट' जिथं येऊन बसला होता तिथं पुढं गाव होतं बेल्हे. लंकाच्या खऱ्या नवऱ्याचं. 'बोरी बुद्रुक' होतं चौदाव्या ओळीत आणि त्याच्यासमोर कुणीतरी तान्हाजी बसला होता.

"सोपानभाऊ, हितं या. खुर्ची घ्या. तुमाला पंचवीस गावांतली मान्सं म्हाईत हायेत का न्हाई?"

"बैल ईकायला फिरलोय मी, बाई. गोठ्यासकट म्हाईत हायेत."

"मंग सांगा. तान्हाजी, बापाचं नाव कोंडाजी. गाव?"

"पारगाव. त्येच्या बैलाला एक शिंग व्हतं."

"ज्ञानदेव?"

"निमगाव सावा. बापानं दोनदा पंचायतीला पडून घेतलं."

जानकाबाईंनी शेजारी एक रिकामा रकाना घातला आणि सोपान सांगेल तसा प्रत्येक नवरदेव आपापल्या गावासमोर टाइप करत गेल्या. जुना रकाना पुसला नाही, तपासायला ठेवला. सोपान सुरुवातीला खुर्चीच्या कडेवर टेकला होता. सहाव्या नवरदेवापर्यंत तो मांडी घालून बसला आणि बाराव्यापर्यंत प्रत्येकाच्या घराण्याचा निकाल देऊ लागला. आळ्याचे नवरदेव मात्र दोन निघाले. गाव एक, वर दोन, नवऱ्या दोन, कुणाची कोण? सोपानलाही सांगता येईना.

"फोन करा," सर म्हणाले. अपराधी माणूस अधूनमधून कामाचं बोलतो.

आळ्यात फोन लावला. पहिल्या नवरदेवाच्या आईनं घेतला. जानकाबाईंनी विचारलं, तुमच्या सुनंचं नाव काय? बाई म्हणाली, "पत्रिकेत एक आलंय, पोरगं दुसरंच सांगतंय, आन आमचे हे म्हनत्यात जे छापलं ते खरं. तुमी कोन बोलताय?" जानकाबाई म्हणाल्या, "पोराचं आयका." अकराला दोन मिनिटं कमी असताना शेवटचं नाव पडलं, फाईल सेव्ह झाली आणि दिवे गेले. सोपाननं टोपी काढून डोकं पुसलं. सर खाली जाऊन तीन चहा सांगून आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा चहा सांगायला सर स्वतः गेले होते.

दुपारी दिवे आल्यावर दुरुस्तीचं पत्रक काढलं आणि ते छापखान्यात पोचवायचं काम सोपाननं अंगावर घेतलं. जानकाबाई मशीनवर झाकण घालत होत्या तेव्हा वृषाली आत आली. नेहमीसारखी वही छातीशी धरलेली.

"मावशी, पत्रिकेत माझ्यासमोर दुसऱ्याचंच नाव आलंय."

"झालं गं दुरुस्त. नवनाथ परत आला जाग्यावर."

वृषाली वहीकडं बघत म्हणाली, "घरी सगळ्यांनी आरडाओरडा केला. मी ते नाव वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे वाईट वाटायला पाहिजे होतं ना? मग मला वाटलं, पहिलं नाव वाचतानाही काहीच वाटलं नव्हतं. मी तर नुसतं वाचून दाखवलं तुम्हाला. अकरावा फॉर्म म्हणून."

जानकाबाईंनी झालर सरळ केली, पुन्हा वाकडी झाली, पुन्हा सरळ केली.

"परीक्षा कदी हाय तुजी?"

"जूनमध्ये. ते म्हणतात लग्नानंतर काय टायपिंग करायचंय."

"हे बग पोरी. मशीनची चूक मी दुरुस्त करते. ही मशीनची न्हाई. ही तुलाच बोलावी लागंल. बापाशी."

"तुम्ही याल?"

"मी आले तर बाप माज्याशी भांडंल आन तू निसती बघत बसशील. आधी तू बोल. मंग भांडायला मी हायेच."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता वृषालीचा बाप जिना चढून आला तो ओरडतच. पोरीच्या डोक्यात हे कुणी भरवलं, ह्या बाईनं भरवलं, क्लास म्हणून पाठवली, क्लास म्हणून! वृषाली त्याच्या मागं उभी होती. तोंड उतरलेलं, पण मान वर. रात्री बोलली होती ती. जानकाबाईंनी त्याला ओरडून होऊ दिलं. मग खुर्ची दिली. तो बसला नाही.

"नवनाथमदी काय खोट हाय?" तो म्हणाला. "निर्व्यसनी पोरगा!"

"कायबी खोट न्हाई. चांगला असंल. पन तुमची पोरगी न्हाई म्हनतीया."

"आन पत्रिका? दोन हजार घरात गेली! गावाला काय सांगू? नवनाथच्या बापाला काय सांगू? पोरगी न्हाई म्हनली, आसं सांगू?"

इथं जानकाबाईंच्या डोक्यात एक गोष्ट आली. ती बरोबर की चूक, हे त्यांना त्या क्षणी ठरवता आलं नाही, आणि तोंड नेहमीप्रमाणे आधी उघडलं.

"सांगा काँप्युटरची चूक हाय."

"आँ?"

"सांगा, फॉर्मच चुकून गेला व्हता, जोडी ठरलीच नव्हती, काँप्युटरनं आपल्या मनानं घातली. आवो, भावाबहिनीचं लग्न छापलंय त्येनं. निम्म्या तालुक्यानं वाचलंय. ह्या आठवड्यात त्येच्या नावावर काय बी खपंल."

वृषालीचा बाप बसला. त्यानं समोरच्या झबल्यातल्या मशीनकडं पाहिलं. मग विचारलं, "नवनाथच्या घरी पटंल?"

"त्येंना बी गावाला कायतरी सांगायचंच हाय की."

पटलं. दोन्ही घरांनी मिळून कॉम्प्युटरला इतक्या शिव्या घातल्या, की एकमेकांना घालायला उरल्या नाहीत. नवनाथचं त्याच महिन्यात शिरूरकडच्या मुलीशी लग्न झालं आणि संसार बरा चालला. जानकाबाईंना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. सात वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या की मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. आज त्याच मशीनवर त्यांनी धडधडीत आळ घेतला होता. भागुजीला सांगितलं. त्यानं विचार करून त्या दिवसाचे उरलेले सगळे शब्द खर्च केले: "त्येला काय कळतंय? पोरगी सुटली न्हवं?"

राहिले भिमाजी. ते भीमाशंकरहून अंगारा घेऊन परतले ते एकदम वादळातच. भावाबहिणीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण अकरावी जोडी गेली म्हटल्यावर त्यांनी अंगाऱ्याची पुडी टेबलावर आपटली.

"एकवीस पायजेत, बाई! प्रमुख पाव्हण्यांना एकवीस सांगितल्यात. वीस म्हंजे काय, कोडीनं बाजारात ईकतोय का आपन? ओळ काढू नका."

"पोरगीच न्हाई तर वळ ठेवून काय करू?"

"दडवा. दडवता येती न्हवं? दिसायची न्हाई, पन मोजनीत ऱ्हाईल."

"भिमाजी, दडवलेली वळ मोजनीत येती, मांडवात येत न्हाई."

आणि त्यांनी ओळ काढून टाकली, खाली बेरीज वीस आली. पण भिमाजी सेक्रेटरी होते. दुपारी जानकाबाई जेवायला गेल्यावर त्यांनी जुन्या सीडीवरची यादी काढली, सरांना पटवलं, नावं दुरुस्त करून घेतली आणि अकरावी ओळ दडवून टाकली. खाली एकवीस आले. तीच यादी मांडववाल्याला गेली, तीच भांड्यांच्या संचाला, तीच माईकवाल्याला.

लग्नाच्या दिवशी बारा पस्तीसचा मुहूर्त होता. पंचवीस गावं लोटली होती. मांडवात रांगेनं पाट मांडले होते, प्रत्येक जोडीला दोन आणि मध्ये अंतरपाट. माईकवाला नावं वाचू लागला आणि जोड्या येऊन बसू लागल्या. पोपट आपल्या खऱ्या नवरीसमोर बसला, लंका बेल्ह्याच्या मुलासमोर, आणि सोपान दोघांच्या मध्ये पहाऱ्याला उभा राहिला. वीस नावं संपली. माईकवाल्यानं कागद उलटा करून पाहिला. कागदावर खाली लिहिलं होतं, एकूण जोड्या एकवीस. वर नावं वीसच. आणि रांगेच्या टोकाला दोन पाट रिकामे, त्यांच्यामध्ये अंतरपाट धरून दोन करवल्या उभ्या, कुणाच्या मध्ये ते त्यांनाही ठाऊक नाही.

"एकविसावी जोडी!" माईक ओरडला. "एकविसाव्या जोडीनं मांडवात यावं!"

लोक माना वळवून बघू लागले. कुणी म्हणालं, नवरदेव पळाला. कुणी म्हणालं, दोघं पळाले, वेगवेगळे. प्रमुख पाहुणे भिमाजींकडं बघत होते. भिमाजी जानकाबाईंकडं बघत होते. जानकाबाई बायकांत बसल्या होत्या आणि मुद्दाम मांडवाच्या छताकडं बघत होत्या.

तेवढ्यात बायकांतून धोंडाबाई उठल्या. भिमाजींच्या पत्नी. पंचावन्न वर्षांच्या, थोराड बांध्याच्या, आणि तीस वर्षं सेक्रेटरीचा संसार केलेल्या. त्यांनी पदर खोचला, सरळ जाऊन भिमाजींचं मनगट धरलं.

"चला."

"आगं, कुटं?"

"मुहूर्त चाललाय. पाट रिकामा ठिवायचा नसतो. चला, बसा."

"धोंडे, लोक बघत्यात!"

"बघू द्या. आपल्या लग्नात भटजीला एसटी पकडायची व्हती. अर्ध्यात गेला त्यो. मला अजून खात्री न्हाई, आपलं लगीन झालंय का न्हाई ते."

मांडवात असा हशा उठला, की मागच्या आचाऱ्यांनी पण डोकी काढली. भिमाजी बसले. तीन पेनांपैकी एक खाली पडलं, ते उचलायला वाकले तर अंतरपाटात डोकं अडकलं. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता टाकणारे सगळे एकाच कोपऱ्यात नेम धरत होते. अंतरपाट दूर झाला तेव्हा धोंडाबाईंनी नवऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि तो इतका जोरात खाली ओढला, की सेक्रेटरी पहिल्यांदाच कुणापुढं तरी वाकलेले दिसले. प्रमुख पाहुण्यांनी एकविसावा भांड्यांचा संच त्यांनाच दिला. धोंडाबाईंनी तो तिथंच उघडून ताटं वाजवून पाहिली.

वृषाली जूनमध्ये परीक्षेला बसली. तक्त्यात एक चूक झाली, तरी पास झाली. पुढं वर्षभरानं तिला राजगुरुनगरच्या एका वकिलाकडं टायपिंगचं काम लागलं. नंतर तिनं लग्नही केलं, स्वतः बघून, आणि जानकाबाईंना बोलावलं. जानकाबाईंनी नवरदेवाला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं आणि काही टीका केली नाही. हाच त्यांचा आशीर्वाद.

दोन हजार पाच साली समितीची बैठक भरली तेव्हा भिमाजी स्वतः जानकाबाईंना बोलवायला आले. या वेळी फॉर्मच तुम्ही करा, म्हणाले. जानकाबाईंनी फॉर्म केला. वर, गाव, वधू, गाव, आणि त्याच्या पुढं एक नवीन रकाना घातला: 'वधूला एकटीला विचारले काय?'

बैठकीत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, हा रकाना वराला पण पाहिजे. जानकाबाई म्हणाल्या, घाला, मला कुटं कमी पडत्यात. लगेच सहावाही घातला. दुसरा म्हणाला, पोरगी नाही म्हणाली तर? जानकाबाई म्हणाल्या, मंग वळच करायची न्हाई.

"आन विचारनार कोन?" भिमाजींनी विचारलं.

"मी आन धोंडाबाई. दोघी जाऊ."

धोंडाबाईंचं नाव ऐकून भिमाजींनी हरकत घेतली नाही. दोघी एसटीनं, जीपनं, कधी बैलगाडीनं गावोगाव फिरल्या. मुलीला घेऊन गोठ्यात नाहीतर विहिरीवर जायच्या, बाकीच्यांना ओसरीवर चहा पीत बसवायच्या. त्या साली फॉर्म आले चोवीस. दोन मुलींनी नाही म्हटलं, एका मुलानं नाही म्हटलं, आणि एक मुलगी म्हणाली की मला हाच पाहिजे, पण सासू बदलून मिळेल का. मांडवात एकवीस जोड्या बसल्या, मोजून एकवीस. पाट एकही रिकामा नव्हता आणि धोंडाबाईंना त्याचं जरा वाईटच वाटलं.